रविवारी जन्मलेली कुंभारीण

पवित्र शास्त्रातील यिर्मयाच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परमेश्वर संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी जाण्याची आज्ञा करतो. संदेष्टा जातो. कुंभार चाकावर काम करीत असतो. हातातले भांडे बिघडते, आणि तो त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. या प्रसंगावर आम्ही आजवर अनेक प्रवचने ऐकली. आपण माती आहोत आणि परमेश्वर कुंभार आहे, असा त्या सर्वांचा मथितार्थ असे, आणि तो यथार्थच आहे. परंतु या कथेतील एका लहानशा गोष्टीकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. यिर्मया हा याजककुळातला, शास्त्र जाणणारा पुरुष. त्याला देवाचा संदेश समजावा म्हणून मंदिरात किंवा एखाद्या पंडिताकडे पाठवण्यात आले नाही. त्याला कुंभाराच्या कामाच्या जागी पाठवण्यात आले. तेथे त्याने फक्त पाहावयाचे होते. कुंभार आपले काम करीत राहिला. आपण कोणाला तरी शिकवीत आहोत याची जाणीवही त्याला नसावी.

कुंभार हा गुरू असू शकतो, ही गोष्ट आपल्या मराठी मनाला अपरिचित नाही. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवले, आणि मडकी पारखण्याच्या त्या साधनाने गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटी मारून कोण कच्चे व कोण पक्के ते ठरवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. नामदेवासारख्या भक्तश्रेष्ठाला कच्चे ठरवण्याचा अधिकार त्या कथेने एका कुंभाराला दिला. मात्र कथेतला अधिकार व्यवहारात क्वचितच मिळतो. ज्याच्या हातात विद्या आहे त्याला आपण कारागीर म्हणतो, आणि ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याला गुरुजी. या भेदाची एक विलक्षण परीक्षा गेल्या शतकाच्या मध्यास पश्चिम आफ्रिकेतील एका लहान गावी झाली. तिचा इतिहास येथे सांगावा असे आम्ही योजिले आहे.

नायजेरियाच्या मध्यभागी ग्वारी नावाचे लोक राहतात. ते स्वतःला ग्बाग्यी म्हणवतात. शेती हा त्यांचा मुख्य व्यवसाय. त्यांच्या स्त्रिया डोक्यावर ओझे न वाहता खांद्यावर वाहतात, ही त्यांची ओळख आसपासच्या मुलुखात प्रसिद्ध आहे. या लोकांत मडकी घडवणे हे स्त्रियांचे काम आहे. आई, मावशी, आत्या यांच्याजवळ बसून मुली ते शिकतात. याच मुलुखातील क्वाली या गावी १९२५ च्या सुमारास एक मुलगी जन्मली. हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीला लादी म्हणतात. ती लादी, आणि गाव क्वाली. म्हणून जगाने तिला पुढे लादी क्वाली या नावाने ओळखले. मडकी घडवण्याचे काम ती लहानपणीच घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून शिकली.

हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याकडच्या कुंभारवाड्यात जे दिसते त्याहून ते अगदी निराळे आहे. ग्वारी स्त्रियांकडे चाक नव्हते. मातीचा एक गोळा घेऊन त्याला आतून पोकळ करीत तळ घडवायचा. मग मातीच्या जाड वळ्या करून त्या एकावर एक चढवीत, बोटांनी सांधत, भिंत उंच करीत न्यावयाची. आतून व बाहेरून खरवडून, थापटून तिला सारखी जाडी व गोलाई आणावयाची. भांडे एका जागी स्थिर असते आणि कुंभारीण त्याच्याभोवती फिरते. आपल्याकडे चाक फिरते. तेथे चाकाच्या जागी माणूस फिरतो. कंबरेत वाकून, एक पाऊल मागे घेत, ती भांड्याला फेऱ्या घालते आणि त्या फेऱ्यांतून गोलाई सिद्ध होते. मापासाठी दोरी नाही, साचा नाही. डोळा आणि पाऊल हीच मापे.

भांडे थोडे वाळले की नक्षीची वेळ येते. दोऱ्याच्या पिळाची किंवा कोरलेल्या लाकडाची लहानशी लाटणी ओल्या मातीवरून फिरवून पट्टे उठवावयाचे, आणि टोकदार काडीने रेषा कोरावयाच्या. लादीच्या मडक्यांवर सरडे, विंचू, साप, मगरी, मासे, पक्षी यांची चित्रे पट्ट्यापट्ट्यांतून मांडलेली असत. शेवटी वाळलेली मडकी रचून, त्यांवर काटक्या व गवत घालून उघड्यावर भाजावयाची. अशा भाजणीत उष्णता फार चढत नाही. भांडे सच्छिद्र राहते, पाणी झिरपून बाहेर येते, वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार राहते. आपल्या माठाचे तत्त्व तेच. उष्ण देशांतील कुंभारांना हे तत्त्व कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

लादीच्या मडक्यांचा लौकिक तिच्या तरुणपणीच पंचक्रोशीत पसरला होता. अबुजा या गावचे अमीर सुलेमानू बराऊ यांच्या वाड्यात तिची मडकी मोठ्या मानाने ठेवलेली होती. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे अबुजा म्हणजे आजची नायजेरियाची राजधानी नव्हे. १९७६ मध्ये नव्या राजधानीसाठी ते नाव घेण्यात आले, आणि त्या जुन्या गावाला सुलेजा हे नाव मिळाले. आमची कथा त्या जुन्या अबुजाची आहे.

आता या कथेतल्या दुसऱ्या माणसाकडे वळू. मायकल कार्ड्यू हा १९०१ मध्ये लंडनजवळ विम्बल्डन येथे जन्मलेला इंग्रज. वडील सरकारी नोकर, पण डेव्हन परगण्यातील फिशली नावाच्या जुन्या कुंभार घराण्याची भांडी जमवण्याचा त्यांना छंद. ती भांडी घरात रोजच्या वापरात असत. मुलगा ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकू लागला, पण मन भांड्यांत. त्या घराण्यातील एका कुंभाराकडे जाऊन तो सुटीत चाक शिकला. पदवी कशीबशी पदरात पडली. १९२३ मध्ये तो कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हज येथे बर्नार्ड लीच यांच्याकडे उमेदवारीसाठी दाखल झाला. हे लीच बालपणी विंडसरजवळच्या बोमाँ येथील येशूसंघीय फादरांच्या शाळेत शिकलेले, पुढे जपानात जाऊन मातीकाम शिकलेले, आणि इंग्लंडमधील आधुनिक हस्तकुंभारकामाचे जनक मानले गेलेले. त्यांच्या सुरुवातीच्या शिष्यांत कार्ड्यू होता.

१९२६ मध्ये कार्ड्यूने ग्लॉस्टरशायरमधील विंचकोमजवळ एक बंद पडलेला कुंभारवाडा भाड्याने घेतला. तेथील जुना कारागीर एलिजा कम्फर्ट आणि सिडनी टस्टिन हा चौदा वर्षांचा मुलगा यांना हाताशी धरून त्याने तो पुन्हा सुरू केला. सामान्य माणसाला परवडतील अशी स्वयंपाकघरातील भांडी करावयाची, हा त्याचा ध्यास. ध्यास मोठा, प्राप्ती अल्प. पुढे युद्ध आले, संसार वाढला, आणि १९४२ मध्ये त्याने ब्रिटिश वसाहत सरकारची नोकरी पत्करून आजच्या घानामधील, त्या काळच्या गोल्ड कोस्टमधील, अचिमोटा कॉलेजात कुंभारकामाचे पद स्वीकारले.

तेथे त्याला मोठ्या प्रमाणावर उत्पादन करावयास सांगण्यात आले. युद्धामुळे बाहेरून माल येत नव्हता, म्हणून अलाजो येथे कारखाना उभारून कौले, भांडी असा माल तेथेच तयार व्हावा असा सरकारचा मानस होता. माती, झिलई आणि भट्टी यांचे गणित जमेना. माल बिघडू लागला, तोटा वाढला, आणि १९४५ मध्ये कारखाना बंद झाला. कार्ड्यूच्या मनाला हे अपयश लागले. तो मायदेशी परतण्याऐवजी व्होल्टा नदीकाठच्या वुमे या गावी गेला आणि स्वतःच्या हिमतीवर लहानसा कुंभारवाडा थाटून बसला. हेतू एकच : आफ्रिकेच्या मातीतून उच्च उष्णतेवर भाजलेली, झिलईची, टणक भांडी होऊ शकतात हे सिद्ध करावयाचे. तीन वर्षांत त्याने थोडी सुंदर आणि पुष्कळ फसलेली भांडी केली. १९४८ मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर तो इंग्लंडला परतला.

आम्ही हे सविस्तर सांगितले त्याला कारण आहे. नायजेरियाच्या सरकारने १९५० मध्ये त्याला कुंभारकाम-अधिकारी म्हणून बोलावले तेव्हा तो विजयी वीर नव्हता. दोनदा हरलेला, पन्नाशीला टेकलेला मनुष्य होता. जो हरलेला असतो त्याला कधी कधी पाहण्याची दृष्टी येते. देशाची पाहणी करीत फिरताना अबुजाच्या अमिरांच्या वाड्यात त्याने लादीची मडकी पाहिली. ती पाहून तो भारावून गेला. प्रशिक्षण केंद्रासाठी अबुजाचीच निवड झाली आणि तेथे काम सुरू झाले. गोल्ड कोस्टमधला त्याचा जुना सहकारी कोफी अथे हाही पुढे तेथे येऊन मिळाला.

केंद्राची कल्पना मात्र वसाहतीच्या जुन्याच चाकोरीतली होती. तरुणांना चाकावर बसवावयाचे, लाकडावर चालणारी मोठी भट्टी बांधावयाची, तेथील राख, खडक व माती यांतून झिलई तयार करावयाची, आणि पेले, बशा, सुरया, बरण्या असा माल करून विकावयाचा. भट्टीतली उष्णता तेराशे अंशांच्या घरात जाई. प्रशिक्षणार्थी सारे पुरुष. ज्या मुलुखात मडकी घडवण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या हाती होती, तेथे ती विद्या शिकवण्यासाठी सरकारने केंद्र काढले आणि त्यात एकही स्त्री नव्हती! यात दुष्टावा कोणाचा नव्हता. परंतु नवे यंत्र, नवे शिक्षण आणि सरकारी पगार येताच जुने मालक बाजूस सरतात, हा अनुभव जगभरचा आहे.

१९५४ च्या अखेरीस लादी क्वाली त्या केंद्रात दाखल झाली. ती तेथील पहिली स्त्री. कागदोपत्री ती प्रशिक्षणार्थी होती. वास्तविक तोवर ती तीस वर्षांच्या आसपासची, परगण्यात नावाजलेली, आपल्या विद्येत पारंगत अशी कुंभारीण होती. ती चाक शिकली आणि लवकर शिकली. चाकावर ती वाडगे, बशा, सुरया करू लागली. झिलई कशी लावावी, भट्टी कशी रचावी, हेही तिने आत्मसात केले. पण तिने आपले फेऱ्या घालून घडवलेले मडके सोडले नाही. इतर लोक चाकावर बसून काम करीत असता ती आपल्या मडक्याभोवती फिरत राहिली.

येथे कार्ड्यूचे श्रेय नाकारता येणार नाही. त्याने तिला मडके सोडून चाकच धर असे सांगितले नाही. उलट तिची हातची मडकी केंद्राच्या झिलईत बुडवून मोठ्या भट्टीत भाजून पाहावी असे त्याने ठरवले. प्रयोग सोपा नव्हता. भांड्याची भिंत जाड, आकार मोठा, आणि उष्णता गावच्या भाजणीपेक्षा कितीतरी अधिक. परंतु ती मडकी भट्टीतून बाहेर आली तेव्हा एक नवीच वस्तू जन्माला आली होती. कोरलेल्या रेषांत पांढरी माती भरलेली, वर हिरवट पारदर्शक झिलई, आणि त्या झिलईच्या तळाशी, जणू पाण्याखाली पाहावे तसे, तेच सरडे, विंचू आणि मगरी. आकार ग्वारी आजीबाईंचा, झिलई पूर्वेकडची, भट्टी इंग्रजाने बांधलेली, आणि हात लादीचा. अशी मडकी पूर्वी कोणी केली नव्हती.

या नव्या मडक्याने काय मिळवले तसेच काय गमावले, हे प्रामाणिक इतिहासकाराने सांगितले पाहिजे. मिळाले ते टिकाऊपण, देशोदेशींच्या संग्रहालयांत जागा आणि करणारीला नाव. गमावले ते पाणी! झिलईचे भांडे पाझरत नाही. म्हणून त्यात पाणी गार होत नाही. ते जड आणि महाग. क्वाली गावची गृहिणी ते खांद्यावर घेऊन ओढ्यावर जाणार नाही. लादीच्या आईच्या पिढीने घडवलेले मडके शेजारणीच्या घरी गेले होते. लादीचे झिलईचे मडके अधिकाऱ्यांच्या बंगल्यात आणि लंडनच्या काचेच्या कपाटात गेले. कार्ड्यूचा आयुष्यभराचा ध्यास सामान्यांच्या घरातील भांड्याचा. आणि त्याच्या केंद्राची सर्वोत्तम कृती मात्र सामान्यांच्या घरातून उठून गेली. हा विरोध त्याच्या टीकाकारांनी पुढे दाखवला, आणि तो दाखवणे योग्यच होते. तरीही आम्हाला असे वाटते की, त्या काळी पत्र्याचे आणि मुलाम्याचे भांडे गावोगाव शिरत होतेच. आजीबाईंचे मडके संग्रहालयात गेले नसते तर ते स्वयंपाकघरात टिकले असते असे खात्रीने म्हणता येणार नाही. कदाचित ते दोन्हीकडून गेले असते.

१९५८ पासून लंडनच्या बर्कले गॅलरीत अबुजाच्या भांड्यांची प्रदर्शने भरू लागली. लादीचे नाव कलाप्रेमी इंग्रजांच्या तोंडी झाले. १९६२ मध्ये ती स्वतः इंग्लंडला गेली आणि तेथील कलाशिक्षणाच्या संस्थांत तिने प्रात्यक्षिके केली. ब्रिटिश साम्राज्याचा एम.बी.ई. हा किताबही तिला त्या दशकात मिळाला. १९७२ मध्ये कार्ड्यू, कोफी अथे आणि लादी असे तिघे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसमोर ती व्यासपीठावर मातीचा गोळा ठेवी, आणि एकही शब्द न बोलता त्याभोवती फिरू लागे. तासाभरात गोळ्याचे मडके होई. पाहणारे स्तब्ध होत.

या प्रात्यक्षिकांविषयी आमच्या मनात दोन भावना आहेत, आणि त्यांपैकी कोणतीही आम्ही दडपू इच्छित नाही. इंग्रज गृहस्थ बोलतो, समजावून सांगतो, पुस्तके लिहितो. आणि आफ्रिकेची स्त्री मूकपणे हात चालवते. या चित्रात वसाहतीची सावली नाही असे कोण म्हणेल? लादीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी इतरांनी लिहिलेले आहे. तिने स्वतः लिहिलेले आत्मचरित्र नाही. त्या प्रवासांत तिला काय वाटले, परक्या थंड देशात हजार डोळ्यांसमोर मातीत हात घालताना तिच्या मनात काय चालले होते, हे तिच्या शब्दांत आपल्यापुढे आलेले नाही. इतिहासातील हे मौन आपण आपल्या कल्पनेने भरू नये.

परंतु दुसरी भावनाही तितकीच खरी आहे. यिर्मयाच्या कथेतला कुंभारही काही बोलला नव्हता. शिकवण्याचे सर्वच प्रकार शब्दांतून होतात असे नाही. किंबहुना हाताची विद्या शब्दांनी फार थोडी शिकवता येते. माती किती ओली असावी, वळी किती दाबावी, भिंत कोठे थकते आणि कोठे थांबावे, हे गुरूच्या हाताकडे पाहूनच समजते. त्या सभागृहांत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना चाकाविना एवढे निर्दोष गोल भांडे होऊ शकते हेच ठाऊक नव्हते. त्यांचे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

अबुजातही लादीच्या मागोमाग इतर स्त्रिया आल्या. हलिमा औदू, असिबी इदो आणि आणखी काही ग्वारी कुंभारणी केंद्रात काम करू लागल्या. एका स्त्रीने दार उघडले आणि मग ते उघडेच राहिले. कार्ड्यू १९६५ मध्ये निवृत्त होऊन कॉर्नवॉलला परतला. चार वर्षांनी त्याचा ‘पायोनियर पॉटरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निसर्गातील खडक, माती व राख यांतून कुंभाराने आपले साहित्य कसे सिद्ध करावे याचे ते पाठ्यपुस्तकच आहे, आणि त्याचा पाया आफ्रिकेतील त्या अपयशांत आहे. लादी मात्र केंद्रातच राहिली. आता ती शिकवणारी झाली होती.

तिच्या शिकवणुकीची थोरवी एका उदाहरणाने सांगता येईल. मॅग्डलिन ओडुन्डो ही १९५० मध्ये केनियातील नैरोबी येथे जन्मलेली मुलगी. तिचे प्राथमिक शिक्षण काही काळ आपल्या भारतात आणि नंतर केनियात झाले. जाहिरातकलेचे शिक्षण घेऊन ती १९७१ मध्ये इंग्लंडला गेली. तेथे मातीची गोडी लागली, आणि कार्ड्यूच्या सूचनेवरून ती १९७४ च्या सुमारास अबुजाला गेली. इंग्लंडमध्ये शिकणारी ही तरुण आफ्रिकन स्त्री हाताने भांडे घडवण्याची विद्या लादी क्वाली आणि तिच्या सहकारी स्त्रियांकडून शिकली. चाकाकडे न वळता ओडुन्डोने पुढे आयुष्यभर हातानेच, वळ्यांनी आणि ओढून भांडी घडवली. तिची ती काळीभोर व नारिंगी, स्त्रीदेहाप्रमाणे डौलदार भांडी आज जगातील अग्रगण्य संग्रहालयांत आहेत. २०१८ मध्ये ती इंग्लंडमधील एका कलाविद्यापीठाची कुलपती झाली. आफ्रिकेच्या मुलीने आफ्रिकेची विद्या शिकण्यासाठी लंडनवरून क्वालीकडे जावे, हा इतिहासाचा वक्र मार्ग असला तरी तो पोहोचला मात्र योग्य घरी!

नायजेरियानेही आपल्या कन्येला विसरले नाही. १९७७ मध्ये झारिया येथील अहमदू बेलो विद्यापीठाने लादीला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८० मध्ये तिला राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान मिळाला. विद्वत्तेच्या क्षेत्रातील तो त्या देशाचा सर्वोच्च बहुमान होय. विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून कधी न बसलेल्या स्त्रीला तो देण्यात आला, याचा अर्थ त्या राष्ट्राने हाताच्या ज्ञानाला ज्ञान म्हटले. १२ ऑगस्ट १९८४ रोजी ती निवर्तली. कार्ड्यू आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, गेला होता. अबुजाच्या त्या केंद्राला पुढे ‘डॉक्टर लादी क्वाली’ हे नाव देण्यात आले. सरकारने बांधलेले आणि इंग्रजाने चालवलेले केंद्र शेवटी प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या स्त्रीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेच्या पाठीमागे आज तिचे चित्र आहे. बाजारात भाजी घेताना हातोहात फिरणाऱ्या त्या कागदावर ती आपल्या मडक्यासह आहे.

हा दूरदेशीचा इतिहास वाचताना आपल्या घराकडे दृष्टी वळल्याखेरीज राहत नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतही एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात जॉर्ज टेरी या इंग्रज गृहस्थांच्या पुढाकाराने कुंभारकामाचा विभाग सुरू झाला. सिंधच्या झिलईकामाची परंपरा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती यांचा मिलाफ त्या भांड्यांत झाला, आणि ती विलायतेच्या प्रदर्शनांत गाजली. टेरींचे नाव ग्रंथांत आहे. ज्या हातांनी चाक फिरवले आणि कुंचला धरला, त्यांतील बहुतेकांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेली नाहीत. अबुजाच्या आणि मुंबईच्या इतिहासात एवढाच फरक पडला की, अबुजात एका हाताला नाव मिळाले.

आपल्याकडे चाक हे परंपरेने पुरुषाचे. कुंभारीण माती तुडवते, चाळते, मडके थापते, रंगवते, आवा रचण्यास मदत करते, बाजारात बसून विकते. पण चाकावर तिने बसू नये असा बहुतेक ठिकाणी दंडक. मणिपुरातील आंद्रो गावात मात्र स्त्रियाच चाकाविना मडकी घडवतात, आणि त्यांची रीत ग्वारी स्त्रियांच्या रीतीची आठवण करून देते. म्हणजे स्त्रीला हे काम जमत नाही असे नाही. कोणत्या यंत्रापुढे कोणी बसावे हे माणसांनी ठरवले आहे. आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलता येते.

आपल्या ख्रिस्तसभेने श्रमाचा गौरव केला आहे. लादी केंद्रात दाखल झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून स्थापिला. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावर एक विस्तृत परिपत्रक काढले. श्रमाचे मोल वस्तूवरून ठरत नाही, श्रम करणाऱ्या व्यक्तीवरून ठरते, हे त्याचे सार. ही शिकवण आपण आदराने वाचतो. परंतु आपल्या धर्मग्रामातील सुतार, गवंडी, टोपल्या विणणारी वृद्धा, माठ विकणारी कुंभारीण यांच्याकडे आपण आपल्या मुलांना शिकण्यासाठी कधी पाठवतो काय? मुलगा परीक्षेत मागे पडला की त्याला हाताचे काम शिकवा असे आपण म्हणतो. म्हणजे हाताचे काम ही आपल्या मनात नापासांची शाळा आहे. श्रमिक संताच्या सणाला हार घालणाऱ्या समाजात ही समजूत टिकून राहावी, याचा विचार आपण केला पाहिजे.

कार्ड्यू आणि लादी यांच्यात गुरू कोण आणि शिष्य कोण, असा प्रश्न आम्ही हा लेख लिहिताना स्वतःला अनेकदा विचारला. त्याने तिला चाक, झिलई आणि भट्टी दिली. तिने त्याच्या केंद्राला प्राण दिला, आणि हरलेल्या माणसाला त्याच्या प्रयत्नांचे सार्थक दाखवले. तो शिकवण्यास आला होता आणि शिकला; ती शिकण्यास आली आणि शिकवू लागली. या अदलाबदलीसाठी दोघांनाही काही सोडावे लागले. त्याला आपण सर्व जाणतो हा अभिमान सोडावा लागला. तिला गाव, आपल्या भाषेची माणसे आणि पाणी गार करणारे मडके सोडावे लागले. तिने सोडले ते अधिक होते, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल.

यिर्मयाने कुंभाराच्या घरी जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले, म्हणून अडीच हजारांहून अधिक वर्षांनी आपण ते वाचतो. कुंभाराचे नाव मात्र त्याने लिहिले नाही. आपल्या गावातल्या कुंभाराचे नाव निदान आपल्याला ठाऊक असावे. पुढच्या उन्हाळ्यात माठ विकत घेताना तो कोणी घडवला ते विचारावे, आणि जमल्यास मुलाला बरोबर घेऊन त्या घरी जावे. तेथे काही बोलण्याची गरज नाही. बसावे आणि पाहावे.